घरच्या टाकीतल्या ॲनिमोनसाठी उजेडाचं नियोजन: दिव्याच्या निवडीपासून दिवा बदलण्यापर्यंत

घरच्या टाकीत ॲनिमोन, म्हणजे समुद्रपुष्प, जगवायचं तर पाण्याइतकीच उजेडाची तजवीज करावी लागते. पाण्याचं गणित बहुतेक जण मन लावून शिकतात. खारेपणा, तापमान, नायट्रेट सगळं वहीत टिपलेलं असतं. दिव्याचं मात्र ‘चांगला घेतलाय’ एवढ्यावर भागवलं जातं. मग ॲनिमोन फिका पडायला लागला की ‘उजेड कमी पडतोय’ म्हणून दिवा आणखी वाढवला जातो, आणि बऱ्याचदा नेमकं तेच त्याच्या जिवावर बेततं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ॲनिमोन थोडा कमी किंवा थोडा जास्त उजेड चालवून घेतो. त्याला सोसत नाही तो उजेडात झालेला झटपट बदल. म्हणून दिवा कोणता हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो दिवा किती सावकाश वाढवता, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

उजेड लागतो तो कशासाठी

ॲनिमोन प्राणी आहे. तोंड, पोट, दंशपेशी असलेले बोटांसारखे संस्पर्शक आणि खडकाला धरून बसण्यासाठी स्नायूंचा तळवा, एवढाच त्याचा संसार. पण मत्स्यालयात ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक उष्ण समुद्रातल्या जातींच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म, सोनेरी-तपकिरी शैवालं राहतात. ती उजेडात प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात. बदल्यात त्यांना ॲनिमोनच्या शरीरातला कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतो. संस्पर्शकांत क्लाउनफिश राहत असेल तर तिने सोडलेला अमोनियाही या शैवालांच्या उपयोगी पडतो.

उजेड कमी पडला की शैवालांची कमाई घटते आणि ॲनिमोन अंगातल्या साठ्यावर दिवस काढू लागतो. पुष्कळ दिवस तो बरा दिसतो, फक्त हळूहळू लहान होत जातो. अति उजेडाचं नुकसान मात्र लवकर दिसतं. शैवालांना वापरता येईल त्याहून जास्त ऊर्जा त्यांच्यात शोषली गेली की ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, पेशींना इजा होते आणि ॲनिमोन शैवालंच अंगाबाहेर टाकायला लागतो. हेच ब्लीचिंग. पाणी तापलेलं असेल तर एरवी सहज सोसणाऱ्या उजेडातही हे घडतं. त्यामुळे उजेडाचा विचार तापमान सोडून करताच येत नाही.

सगळ्याच ॲनिमोनना उजेड लागतो असं मात्र नाही. ॲक्टिनिया इक्विना ही युरोपच्या किनाऱ्यावरची लाल जात सहजीवी शैवालांशिवाय जगते. सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेला या जातीचा एक ॲनिमोन काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगला. नीट निगा राखली तर हा प्राणी किती टिकतो, याचा हा पुरावा. वाळूत नळी करून राहणारे ट्यूब ॲनिमोनही खाण्यावर जगतात, आणि ते खऱ्या ॲनिमोनच्या गटात मोडतही नाहीत. त्यांच्यासाठी दिव्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. पुढचं सगळं शैवालं बाळगणाऱ्या जातींसाठी आहे.

पहिलं काम: जात ओळखा

वनस्पती आणि सहजीवी शैवालांना उपयोगी पडणारा उजेड पीएआर या मापात मोजतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती प्रकाशकण दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पडतात, ते हे माप सांगतं, आणि त्याचं एकक आहे मायक्रोमोल. भर दुपारच्या निरभ्र उन्हात हा आकडा साधारण २००० पर्यंत जातो. टाकीत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच बरंचसं काम भागतं.

बबल टिप ॲनिमोन १०० ते २५० मध्ये सुखाने राहतो. घरच्या टाकीसाठी माझी पहिली शिफारस हाच, कारण त्याला उजेडाची सर्वात रुंद मर्यादा चालते आणि टाकीत वाढलेली त्याची पिल्लं मिळू शकतात. लाँग टेंटॅकल ॲनिमोनला १०० ते २०० पुरतात, पण तळवा रोवायला खोल वाळू हवी. सेबे नावाने विकला जाणारा हेटेरॅक्टिस क्रिस्पा आणि वाळूत बसणारा हडोनी कार्पेट यांना २०० ते ३०० द्यावेत. मॅग्निफिका आणि जायजँटिया कार्पेट या दोघांना ३०० च्या वर उजेड आणि सोबत जोरदार प्रवाह लागतो. ते दिसायला कितीही देखणे असले तरी पहिला ॲनिमोन म्हणून घेऊ नयेत.

हे आकडे ॲनिमोन पसरून बसतो त्या जागेवर, पाण्याखाली मोजलेले धरायचे. दिव्याच्या खोक्यावर छापलेल्या आकड्याशी त्यांचा संबंध नाही.

घेतानाच अंगाचा रंग साध्या पांढऱ्या उजेडात पाहा. तपकिरी किंवा हिरवट झाक म्हणजे शैवालं जागेवर आहेत. दुधासारखा पांढरा, अर्धपारदर्शक ॲनिमोन ‘दुर्मीळ पांढरी जात’ म्हणून दाखवला जातो, पण तो ब्लीच झालेला असतो. भडक पिवळा, गुलाबी किंवा निळा एकसारखा रंग सबंध अंगभर असेल तर तो रंगवलेला असण्याची शक्यता मोठी. दोन्ही सोडून द्या.

दिवा निवडताना

वॅटवरून दिवा निवडण्याची जुनी रीत सोडा. वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज. तळाशी किती उजेड पोचतो हे भिंगं, टांगणीची उंची, पाण्याची खोली आणि टाकीची रुंदी यांवर ठरतं.

आज बहुतेकांसाठी एलईडी सोयीचा आहे. तीव्रता कमी-जास्त करता येते, वेळापत्रक लावता येतं आणि पाणी फारसं तापत नाही. त्याची अडचण म्हणजे उजेडाचा झोत. भिंग अरुंद असेल तर दिव्याच्या बरोबर खाली ४०० आणि वीतभर बाजूला ८० असा प्रकार होतो, आणि खडकाच्या पोटाशी काळीकुट्ट सावली पडते. ॲनिमोन ज्या सीमारेषेवर बसतो तिथे असा उभा उतार असला की त्याला चार बोटं सरकायचं तरी भलत्याच उजेडात जावं लागतं. म्हणून भिंग रुंद असलेला किंवा दिव्याखाली प्रकाश पसरवणारा प्लॅस्टिकचा पांढुरका पत्रा बसवता येईल असा एलईडी घ्या. लांब टाकीवर एक मोठा दिवा लावण्यापेक्षा दोन मध्यम दिवे चांगले.

टी-५ ट्यूब, म्हणजे बारीक फ्लुरोसंट नळ्या, सपाट, एकसारखा उजेड देतात आणि ॲनिमोनला तो फार मानवतो. पण त्या ९ ते १२ महिन्यांत बदलाव्या लागतात आणि तीव्रता सहसा बदलता येत नाही. मेटल हॅलाइडचा उजेड उत्तम असला तरी उष्णता प्रचंड. तो वापरत असाल तर अतिनील किरण अडवणारी काच दिव्याखाली असलीच पाहिजे.

रंगाच्या बाबतीत गोंधळून जाऊ नका. समुद्रात लाल उजेड पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो आणि खाली निळा पोचतो. झूझँथेलीतली रंगद्रव्यं ४२० ते ४८० नॅनोमीटरच्या निळ्या पट्ट्यात उत्तम काम करतात. त्यामुळे निळ्याचा भर, जोडीला थोडा पांढरा आणि लाल-हिरवा अगदी नावाला, ही मांडणी पुरेशी आहे. उजेडाच्या रंगाचं माप असलेल्या केल्विनमध्ये सांगायचं तर १४,००० ते २०,००० च्या दरम्यानचा दिवा चालतो.

इथे डोळा हमखास फसतो. माणसाच्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सर्वात प्रखर वाटतो आणि गडद निळा मंद. निळे चॅनल, म्हणजे दिव्यातले निळ्या रंगाचे एलईडी, पूर्ण चढवलेली टाकी खोलीत अंधारी दिसते, पण ॲनिमोनवर २५० पीएआर पडत असतो. ‘किती मंद दिसतंय’ म्हणून पांढरा चॅनलही वाढवला की झालंच. डोळ्याला वाटतं त्यावरून तीव्रता कधीही ठरवू नका.

दिवा पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर वर, पक्क्या आधारावर लावा. वायरचा खालच्या बाजूला एक वळसा ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत जाण्याऐवजी वळशावरून खाली टपकेल. विजेच्या जोडणीवर गळती झाल्यास प्रवाह तोडणारा आरसीसीबी हवाच. खारं पाणी आणि वीज यांच्यात तडजोड नाही. टाकी थेट ऊन येणाऱ्या खिडकीशी असेल तर आधी पडदा लावा, कारण ऋतूप्रमाणे सरकणारं ऊन तुमचं सगळं गणित बिघडवतं.

मोजणी: एका दुपारचं काम

पाण्याखाली चालणारा पीएआर मीटर विकत घ्यायलाच हवा असं नाही. दुकानातून भाड्याने किंवा ओळखीच्या छांदिष्टाकडून एका दिवसासाठी मिळाला तरी पुरे. फक्त तो एलईडीचा निळा उजेड नीट मोजणारा असावा. काही जुने मीटर निळा कमी धरतात आणि आकडा खोटा लहान दाखवतात.

दिवा रोजच्या सर्वोच्च पातळीवर लावा. पंप थोडा वेळ बंद ठेवा, म्हणजे पृष्ठभागावरच्या लहरींनी आकडे नाचणार नाहीत. वहीत टाकीची वरून दिसते तशी चौकट काढा. आता मीटरचं टोक आडवं, वर बघेल असं धरून एकेका जागेचा आकडा लिहीत जा. समजा ४५ सेंटिमीटर खोल टाकी आहे. मुख्य खडकाच्या माथ्यावर २६० येतो, खांद्यावरच्या खोबणीपाशी १६०, मागच्या कोपऱ्यात ११०, समोरच्या वाळूवर ९०, कमानीखाली २५. हा नकाशा हातात आला की ‘ॲनिमोन कुठे राहील’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. बबल टिपसाठी खांद्यावरची ती खोबण पक्की जागा आहे. वर सरकला तरी २६० च्या पुढे जाणार नाही, मागे गेला तरी ११० मिळतील.

मोजताना तुमचं स्वतःचं डोकं दिव्याच्या आड येत नाही ना, एवढं पाहा. बहुतेक विचित्र आकडे तिथूनच येतात.

दिव्याच्या ५०, ७० आणि १०० टक्के पातळीवर त्याच खोबणीचा आकडा वेगवेगळा लिहून ठेवा. ५० टक्के म्हणजे बरोबर निम्मा पीएआर, असं प्रत्येक दिव्यात होत नाही, आणि पुढचे सहा आठवडे हीच नोंद कामाला येणार आहे.

मीटर मिळालाच नाही तर फोनमधलं लक्स मोजणारं ॲप आकड्यासाठी वापरू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, निळ्या उजेडात ते अगदीच कमी दाखवतं. एका कामाला मात्र ते चालतं. एकाच दिव्याखाली, रंगाची मांडणी तीच ठेवून, आजची आणि महिन्यापूर्वीची तुलना करायची असेल तर फोन टाकीबाहेर ठरावीक जागी धरून घट किंवा वाढ कळते. मीटर नसेल तर अंदाजापेक्षा कमीवर सुरुवात करा आणि चढण आणखी सावकाश ठेवा.

दिवसाचं वेळापत्रक

तीव्रता आणि तास यांचा गुणाकार म्हणजे ॲनिमोनचं दिवसभराचं एकूण उत्पन्न. खोबणीतले १६० मायक्रोमोल ८ तास पडले तर दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ४.६ मोल होतात. तेच १२ तास ठेवले तर ६.९. म्हणजे दिवा जराही न चढवता, फक्त टायमर बदलून उजेड दीडपट झाला. तास वाढवणंही उजेड वाढवणंच आहे, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही.

मला पसंत असलेली मांडणी अशी: सकाळी दोन तासांत शून्यापासून सर्वोच्च पातळीपर्यंत चढ, मग सहा तास स्थिर, मग दोन तासांत उतार. दिवस दहा तासांचा दिसतो, पण चढ आणि उतार निम्मे धरले तर पूर्ण उजेडाचे आठ तास भरतात. सकाळच्या चढाचा फायदा बबल टिपजवळ बसून पाहिला की कळतो. दिवे लागण्याआधी तो मुठीएवढा आकसलेला असतो. मंद निळा उजेड आला की आधी तोंडाभोवतीचा भाग सपाट होतो, मग कडेचे संस्पर्शक एकेक करून पाणी भरून घेतात, आणि तासाभरात ती मूठ ताटलीएवढी पसरते. दिवा एकदम लागला तर हीच हालचाल धक्का बसल्यासारखी, अर्धवट होते.

रात्र पूर्ण अंधारी असू द्या. निळसर ‘चांदणं’ माणसासाठी छान, ॲनिमोनला त्याची गरज नाही. हौस असेल तर तासभर ठेवा आणि बंद करा. टायमर असा घ्या की वीज गेली तरी वेळ विसरत नाही. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांसाठी दिवे मध्यरात्रीपर्यंत चालू ठेवण्याचा मोह आवरा.

आणण्याआधीची तयारी

टाकी किमान सहा महिने, शक्य तर वर्षभर चाललेली असावी. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, ८ ते ९ डीकेएच आणि नायट्रेट शून्य न ठेवता २ ते १० पीपीएमच्या दरम्यान. शैवालांनाही खत लागतं, फार ‘स्वच्छ’ पाण्यात ती फिकी पडतात.

प्रत्येक पॉवरहेड आणि वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह आणि लाटा करणाऱ्या पंपाच्या तोंडावर जाळी किंवा स्पंजचं आवरण बसवा. उजेड मनासारखा नसेल तर ॲनिमोन चालू लागतो, आणि चालता चालता पंपात ओढला गेला तर त्याच्यासकट टाकीचंही वाटोळं होतं. म्हणून हा दिव्याच्या नियोजनाचाच भाग समजा.

पहिले सहा आठवडे

पिशवीच्या अंधारातून आलेल्या ॲनिमोनवर त्या दिवशी दिवा लावू नका. खोलीतला मंद उजेड पुरे. पाण्याची सवय करून झाली की त्याला खोबणीत अलगद ठेवा, जवळचा प्रवाह थोडा वेळ थांबवा आणि तळवा धरेपर्यंत हात लावू नका.

दुसऱ्या दिवसापासून ठरवलेल्या पातळीच्या निम्म्यावर सुरुवात करा. आपल्या उदाहरणात खोबणीत १६० हवे आहेत, तर ८० वर. आठवडाभर तीच पातळी. मग दर आठवड्याला लक्ष्याच्या ५ ते १० टक्क्यांनी वर. दहाच्या हिशोबाने १६० ला पोचायला पाच-सहा आठवडे लागतील. ॲनिमोन पहिल्या आठवड्यातच छान फुलला तरी चढण घाईने उरकू नका. पेशींतल्या शैवालांना रंगद्रव्यांची घडी नव्याने बसवायला वेळ लागतो, आणि तो वेळ बाहेरून दिसत नाही. उलट एखाद्या वाढीनंतर तो दोन दिवस आकसलेला राहिला तर आधीच्या पातळीवर या, आठवडा थांबा, मग अर्ध्या पायरीने पुढे जा. काही दिव्यांत ही चढण आपोआप करणारी सोय असते. ती जरूर वापरा, पण अमुक दिवसांत पूर्ण करा हा कारखान्याचा ठरलेला आकडा तपासून लांबवा.

दिवा मंद करता येत नसेल, म्हणजे टी-५ किंवा हॅलाइड असेल, तर दोन मार्ग आहेत. दिवा वर टांगा आणि दर आठवड्याला थोडा खाली आणा. नाहीतर टाकीच्या वर पांढऱ्या प्लॅस्टिक जाळीचे चार-पाच थर ठेवा आणि दर आठवड्याला एकेक थर काढा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण दिव्याचा पसारा बदलत नाही आणि पायऱ्या सारख्या राहतात.

या काळात तो जागा बदलेल, आणि बदलू द्या. उचलून ‘योग्य’ जागी परत ठेवलेला ॲनिमोन बहुधा पुन्हा निघतो, आणि खडकावरून ओढताना तळवा फाटला तर ती जखम जिवावर बेतू शकते. तुम्ही नकाशा नीट केला असेल तर तो जाऊन जाऊन जाईल कुठे?

त्याच्या अंगावरून उजेड वाचणं

उजेड कमी असेल तर ॲनिमोन ताणतो. देठ लांब होतो, संस्पर्शक बारीक आणि लांब लोंबतात, तोंडाभोवतीची तबकडी दिव्याकडे कलते आणि काही दिवसांत तो खडक चढू लागतो. रंग सहसा गडद, तपकिरीकडे झुकतो, कारण कमी उजेडात जास्त पकड मिळवायला शैवालं आणि त्यांची रंगद्रव्यं वाढतात.

उजेड जास्त असेल तर तो उलट वागतो. संस्पर्शक आखूड, तबकडी वाटीसारखी वळलेली, देह खडकाच्या फटीत ओढून घेतलेला आणि भर दुपारी सर्वात आकसलेला. त्यातली वेळ महत्त्वाची आहे. सकाळच्या मंद उजेडात पसरतो आणि दिवा चढला की मिटतो, हे अति उजेडाचं मला सर्वात भरवशाचं वाटणारं लक्षण. दिवसभर एकसारखा मिटलेला असेल तर दिव्याआधी पाणी, प्रवाह आणि त्याला टोचणारे मासे किंवा खेकडे तपासा.

प्रवाह आणि उजेड यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. दिवा २० टक्के उतरवा, पंपाला हात लावू नका, तीन-चार दिवस पाहा. फरक पडला नाही तर दिवा होता तिथे आणून मग पंपाकडे वळा.

काही गोष्टींवरून मात्र उजेडाचा अर्थ काढू नये. रात्री आकसणं नेहमीचं आहे. दिवसातून कधीतरी सगळं पाणी सोडून तासभर चिंधीसारखं पडणं आणि तपकिरी धागे टाकणं, हे मलविसर्जन आहे. ते धागे सतत, दिवसांमागून दिवस येत राहिले आणि सोबत रंग उतरत असेल तरच तो शैवालं टाकतो आहे असं समजा. बबल टिपच्या टोकाचे फुगे येतात आणि जातात. फुगे गेले म्हणून दिवा वाढवू नका. आणि निळ्या उजेडात चमकणारा रंग ही तब्येतीची खूण नाही. ही चमक ॲनिमोनच्या स्वतःच्या प्रथिनांची असते, शैवालं निघून गेल्यावरही ती टिकते, कधी कधी आणखीच उठून दिसते. यासाठी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं फक्त पांढरा चॅनल लावा आणि संस्पर्शकांच्या बुडाशी तपकिरी झाक आहे का ते पाहा. त्याच वेळी, त्याच अंतरावरून एक फोटो काढून ठेवा. रोज पाहणाऱ्याला न दिसणारा फिकेपणा महिन्याभराच्या फोटोंत लगेच दिसतो.

तोंड घट्ट मिटलेलं असणं चांगलं. तासन् तास उघडं, आतला भाग बाहेर आलेला, देह सैल आणि पाण्याला कुजका वास असेल तर तो वाचत नाही. ताबडतोब बाहेर काढा, नाहीतर बाकीची टाकीही जाईल.

पांढरा पडला तर

ब्लीच झालेल्या ॲनिमोनवर उजेड वाढवणं सर्वात घातक. शिल्लक राहिलेल्या थोड्या शैवालांवर आधीच जास्त ऊर्जा पडते आहे. पातळी ५० ते ८० पीएआरवर उतरवा, पण टाकी अंधारी करू नका, कारण नव्या शैवालांना वाढायला उजेड हवाच. तापमान २५ च्या आसपास पक्कं धरा. शैवालं कमावत नाहीत तोवर अन्न तुम्हाला द्यायचं आहे. आठवड्यातून दोन-तीनदा मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) किंवा कोळंबीचा वाटाण्याहून लहान तुकडा संस्पर्शकांवर सोडा. मोठा तुकडा तो दुसऱ्या दिवशी न पचवता ओकून टाकतो आणि त्यात त्याची शक्तीच जाते. क्लाउनफिश त्याला सतत घुसळत असेल तर तिला काही काळ जाळीच्या पलीकडे ठेवा. रंग परतायला आठवडे नाही, बहुधा महिने लागतात. बुडाशी तपकिरी झाक दिसू लागल्यावरच पहिली पायरी चढा, आणि इथे दर दोन आठवड्यांनी ५ टक्के पुरेत.

उन्हाळ्यात पाणी २८ अंशांच्या वर जाऊ लागलं की ब्लीचिंगची वाट न पाहता सर्वोच्च पातळी २० ते ३० टक्क्यांनी खाली आणा. पाण्यावर पंखा लावलात तर बाष्पीभवन वाढतं. ती तूट गोड्या, शुद्ध पाण्याने भरा, नाहीतर खारेपणा चढेल.

नकळत होणारे बदल

दिव्याला हात न लावताही उजेड बदलतो. भिंगावर आणि झाकणाच्या काचेवर मिठाचा पांढरा थर चढत जातो आणि महिनोन्महिने उजेड गुपचूप घटत राहतो. मग एका रविवारी सगळं लख्ख पुसलं जातं आणि ॲनिमोनवर एकाएकी पाव पट जास्त उजेड येतो. उपाय एकच, दर आठवड्याला ओल्या मऊ कापडाने पुसणं, म्हणजे थर साचतच नाही.

पाण्याचंही तसंच. सेंद्रिय द्रव्यांनी पाणी हळूहळू पिवळट होतं आणि हा पिवळेपणा नेमका निळा उजेड खातो. बऱ्याच दिवसांनी ॲक्टिव्हेटेड कार्बनची मोठी पुडी टाकली की एका दिवसात पाणी स्फटिकासारखं होतं. पाहणाऱ्याला आनंद, ॲनिमोनला भाजणं. कार्बन थोडा थोडा, पण नियमित वापरा. बऱ्याच खंडानंतर वापरणार असाल तर त्या दिवशी दिवा १५-२० टक्के उतरवून मग दोन-तीन आठवड्यांत परत आणा. वर वाढलेल्या प्रवाळाची फांदी छाटली, खडक हलवला, दिव्याची पट्टी सरकली, तरी खालच्या ॲनिमोनसाठी तो नवा दिवाच असतो.

दिवा बदलायची वेळ आली की

टी-५ च्या सगळ्या ट्यूब एका दिवशी बदलू नका. दर दोन आठवड्यांनी एक बदला, आणि प्रत्येक नव्या ट्यूबच्या वेळी वर जाळीचा एक थर ठेवून आठवड्याने काढा.

टी-५ वरून एलईडीवर, किंवा एका एलईडीवरून दुसऱ्यावर जाताना जुना दिवा काढण्याआधी खोबणीतला आकडा मोजून घ्या. नवा दिवा टांगल्यावर त्याच जागी त्याच आकड्याच्या दोन-तृतीयांशाला जुळवा. रंगाची मांडणी बदललेली असल्याने आकडा तोच असला तरी शैवालांना तो उजेड वेगळा असतो. झोताची दिशाही बदलते, म्हणून पूर्ण नकाशा पुन्हा काढा. पूर्वी सावलीत असलेला मागचा कोपरा आता उघडा पडला असेल. चढण पुन्हा पहिल्यासारखीच, आठवड्याला ५ ते १० टक्के. जुना दिवा लगेच विकून टाकू नका. नवा सुरळीत चालून तीन-चार महिने होईपर्यंत तो धुऊन-पुसून, चालू स्थितीत बाजूला ठेवा, कारण नवा एखाद्या रात्री बंद पडला तर दुसऱ्या दिवशी ओळखीचाच उजेड त्या ॲनिमोनला देता येतो.